थोरलीचा टाक

भाद्रपद वद्य षष्ठी, रात्री

आज बाबांचा म्हाळ झाला. सगळं बिनबोभाट चाललं होतं आणि गुरुजी प्रपितामहीपाशी येऊन थांबले. "पणजीचं नाव?" धाकट्याने पाटावरून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घरात वंशावळीची वही माझी, तेव्हा उत्तर मीच द्यायचं.

मी म्हटलं, "तीन आहेत."

"तीन पणज्या?"

"पणजी एकच असावी. नावं तीन आहेत."

आत वड्यांचं तेल तापलं होतं, गुरुजींना अजून दोन घरं करायची होती. "गंगा म्हणा," ते म्हणाले. "कुणाचंही अडत नाही त्याने." भावाने गंगा म्हटलं, तीळ-पाणी सोडलं. गच्चीवर पान ठेवलं आणि दोन मिनिटांत कावळा शिवला. पितरांची काही हरकत दिसली नाही. माझी आहे. नऊ वर्षं मी ही वही भरते आहे. पुरुषांची सात नावं एका दमात म्हणून दाखवीन, आणि बाबांच्या सख्ख्या आजीला आज नदीच्या नावावर जेवू घातलं.

वद्य अष्टमी

रात्री वही काढून बसले. तीन नावांपैकी एकही धड नाही, हे पुन्हा एकदा समोर मांडून ठेवते.

पहिलं नाव कागदावरचं. आमच्याकडे जमिनीच्या हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, त्यामुळे फेरफार त्याच्या मागे जात नाहीत. पण आम्हाला तेवढे पुरले, कारण पणजोबा गेले 1918 च्या साथीत. सरकारी भाषेत इन्फ्लुएंझा, आमच्या आजीच्या भाषेत मानमोडी. पुढच्या वर्षी वारसाची नोंद झाली. पणजोबा मयत, वारस मुलगा अज्ञान, आणि पुढे ती तीन अक्षरं : अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे 'आई बयाबाई'. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या कचेरीच्या बाकावर बसून चक्क रडले होते. जुन्या कागदात बाई सापडते ती अशीच, कुणाच्या तरी शेपटाला. 'अमकी कोम तमका', म्हणजे तमक्याची बायको, नाहीतर अज्ञान पोराची पालनकर्ती. नवरा मेला आणि पोर लहान होतं म्हणून ती कागदावर आली. तो जगला असता तर तिचं अस्तित्वच नोंदलं गेलं नसतं.

रडून झाल्यावर काही महिन्यांनी डोकं चालायला लागलं. आमच्या भागात आईला 'बय' म्हणत. तलाठ्याने ओटीवरच्या पोराला विचारलं असेल, "आईचं नाव काय रे?" पोर म्हणालं असेल, "बय." तलाठ्याने पुढे बाई जोडून टाकली असेल. म्हणजे 'आई बयाबाई' याचा अर्थ 'आई आईबाई'. बयाबाई नावाच्या खऱ्या बायकाही असतात, त्यामुळे हे मला सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही.

दुसरं नाव आजीकडचं. आजी म्हणजे पणजीची सून. ती सासूला आत्याबाई म्हणायची आणि सासूचं नाव तिने जन्मात कधी घेतलं नाही. मी नववी-दहावीत असताना एकदा फारच मागे लागले, तेव्हा तिने वृंदावनाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे आमच्या आत्याबाईंचं." मी वहीत लिहिलं : तुळसा. चाळीस वर्षं ते नाव माझ्या लेखी पक्कं होतं. आता वाटतं, ती 'हे नाव' म्हणाली होती की नुसतं 'हे'? कदाचित ते वृंदावन आत्याबाईंनी बांधून घेतलं होतं, एवढंच तिला सांगायचं असेल. आजी 1996 मध्ये गेली. तोवर मी नोकरीला लागून बारा-तेरा वर्षं झाली होती, दर दिवाळीला तिच्या शेजारी बसत होते आणि विचारत होते काय, तर अनारशाचं पीठ किती दिवस मुरवायचं.

तिसरं नाशिकचं. त्यावर उद्या लिहीन, डोळे मिटताहेत.

अविधवा नवमी

नाशिकला गेले होते तीन वर्षांपूर्वी. रामकुंडापाशी तीर्थोपाध्यायांची घरं आहेत, गावं वाटलेली. तुमचं गाव सांगा, आडनाव सांगा, मग कोणीतरी म्हणतो, ते आमचे यजमान नाहीत, पलीकडच्या वाड्यात जा. पलीकडच्या वाड्यात लांबोडकी वही निघाली. यात्रेकरूने स्वतः येऊन सांगितलेली नावं, कोणाच्या अस्थी आणल्या, बरोबर कोण होतं, खाली सही किंवा नांगराची निशाणी. सगळं मोडीत. मी मोडीचा एक वर्ग केला आहे, पण वर्गात शिकवतात ते वळणदार, आणि वहीत असतं ते घाईत, बोरू न उचलता ओढलेलं. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. उपाध्यायांनी बोट फिरवत सरळ वाचून दाखवलं. शके 1836. पणजोबा स्वतः आलेले. 'स्त्री काशी' हिच्या अस्थी घेऊन.

शके 1836 म्हणजे 1914. पणजोबांची बायको 1914 मध्ये गेली, मग 1919 च्या फेरफारातली पालनकर्ती आई कोण? आणि आजी 1932 च्या सुमारास लग्न होऊन आली तेव्हा जिच्या हाताखाली भाकरी शिकली ती आत्याबाई कोण?

अर्थात दुसरी. पणजोबांची दोन लग्नं झाली होती, हे नाशिकच्या त्या ओसरीवर मला कळलं. घरात याचा कधी कोणी उच्चार केला नव्हता.

मग प्रश्न उरतो एकच. आजोबा कोणाचे? शाळेच्या रजिस्टरात त्यांचा जन्म 1 जून 1913. तसं असेल तर काशी गेली तेव्हा ते वर्षाचे होते आणि काशीच आमची पणजी. पण 1 जून ही तारीख मास्तरांनी दिलेली, हे कोणीही सांगेल. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला हात डोक्यावरून कानाला लावायला सांगायचे, पोचला की सहा वर्षं पूर्ण. अशा 1 जूनवाल्यांनी निम्मा महाराष्ट्र भरला आहे. आजोबा पोचले असतील लवकर, हाताने लांब होते म्हणतात. मग ते 1915 चेही असू शकतात आणि दुसरीचे असू शकतात. नाशिकच्या वहीत पणजोबांनी आपला बाप लिहिला, दोन भाऊ लिहिले. मुलाचं नाव नाही. आजोबा तेव्हा जन्मलेच नव्हते, की बायकोच्या अस्थी घेऊन निघालेल्या माणसाला वर्षाच्या पोराचं नाव सांगायचं सुचलं नाही?

आज नवमी, म्हणून सकाळी आत्याला फोन केला. सवाष्ण जेवायला घालायचा दिवस, निमित्त चांगलं होतं. ती पंच्याऐंशीची आहे, पण कान तल्लख. म्हटलं, "आत्या, तुझ्या आजीचं नाव आठवतंय का?"

"मी जन्मायच्या आधीच म्हातारी गेली. मला काय ठावं?"

"दोन बायका होत्या का गं तुझ्या आज्याला?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "दुसरी पाटाची व्हती म्हणत्यात. तुला कुणी सांगितलं?" आणि लगेच, "लिहू नगंस हे कुठं."

लिहिते आहे, आत्या. पाट म्हणजे आधी विधवा असलेल्या बाईशी केलेला दुसरा संसार. आमच्याकडे ही रीतच होती आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. ते नंतर आलं. घर चार बुकं शिकलं, मुंबईला पगार सुरू झाले, मुलींना बरी स्थळं येऊ लागली, तेव्हा पाट लपवायची गोष्ट झाली. मी इतकी वर्षं वाळवीला दोष देत होते.

फोन ठेवता ठेवता आत्या आणखी एक बोलली. "आय सांगायची, आत्याबाईंच्या गळ्यात थोरलीचा टाक असायचा. रोज जेवायच्या आधी त्याला शीत दाखवायच्या. पहिलीनं तरास देऊ नये म्हणून."

थोरलीचा टाक. मी तसाच फोन धरून उभी राहिले. लहानपणी नवरात्राच्या आधी आजीबरोबर देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या मूर्ती, घासायला मी बसायचे. खंडोबा, भवानी, भैरोबा, आणि एक बोटाच्या पेराएवढा, बाईची आकृती असलेला. "हा थोरलीचा, येगळा ठेव," आजी म्हणायची. मला वाटायचं थोरली ही कोणीतरी देवी. लहान देवीला थोरली का म्हणतात, एवढा प्रश्न पडल्याचं आठवतं.

वद्य एकादशी

चुलतभावाचा फोन. 2023 मध्ये सगळीकडे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा त्यानेही भरपूर पायपीट केली, मोडी वाचणाऱ्याला पानामागे पैसे मोजले आणि खापरपणजोबांच्या नावापुढे हवा तो शब्द मिळवला. त्याचं काम झालं. माझ्या शोधाचं त्याला कौतुक आहे, पण पाटाचं ऐकून म्हणाला, "ताई, ते कशाला उकरतेस? दाखल्याला बायकांची नावं लागत नाहीत."

बरोबरच आहे. लागत नाहीत. म्हणून तर नाहीत.

गंमत म्हणजे त्याच्याच घरात यंदा नात झाली आणि तिच्या नावात आधी तिचं, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांना तसंच लिहायचं आहे. तिच्या पणतीला माझ्यासारखं बसावं लागणार नाही.

खरं तर एका नोंदीने सगळा गुंता सुटला असता. गाव नमुना 14, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. जन्म-मृत्यू त्यात लिहिलेले असत. 1913 ते 1916 मधली आमच्या गावची पानं हवीत. अर्ज केले, पुन्हा केले. एका रेकॉर्ड रूममध्ये 1909 पर्यंतचं बाड मिळालं, त्यानंतर एकदम 1923. मधलं बाड गाव उठलं तेव्हा कुठे गेलं कोणाला माहीत नाही. गाव उठलं म्हणजे कोयनेत गेलं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचं पाणी चढू लागलं आणि भावकी पांगली. कोणी रायगडला, कोणी ठाण्याकडे, काही घरं वर डोंगराला सरकली. सामानाबरोबर चावडीतलं दप्तरही कुठल्या तरी गाडीवर चढलं असेल किंवा नसेल. आता शिवसागराच्या पाण्यावरून तापोळ्याची लाँच जाते. मी गेल्या वर्षी गेले होते. लाँचवाल्याने हात करून दाखवलं, "तुमचं गाव हितं खाली." वरून पाणी हिरवं दिसतं, बाकी काही नाही. लोक फोटो काढत होते.

काशीचं माहेर कोणतं, दुसरीचा पहिला नवरा कोण, तिला त्या घरची मुलं होती का, हे सगळं वहीत प्रश्नचिन्हासह लिहून ठेवलं. दोन्ही बायकांची मिळून सव्वा ओळ झाली. पणजोबांच्या एका बैलाच्या खरेदीची माझ्याकडे अख्खी पावती आहे.

सर्वपित्री अमावास्या

सकाळी भावाकडे गेले. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांना आजचा दिवस. आज गुरुजी नव्हते, नुसतं पान ठेवायचं होतं. मी त्याला म्हटलं, दोघींची नावं घे. महालयाच्या यादीत सापत्नमातेला जागा आहे, सापत्न पणजीला का नसावी. तो म्हणाला, "दुसरीचं नाव काय घेऊ? तुळसा? बया?" मी म्हटलं, दोन्ही घे. त्याने काशी म्हटलं, तुळसा म्हटलं, बया म्हटलं, आणि मग कोण जाणे का, गंगासुद्धा म्हटलं.

उद्या घट बसायचे, म्हणून दुपारी देव्हारा उतरवला. चिंचेच्या कोळाने टाक मी घासले. भवानी, खंडोबा, भैरोबा. शेवटी तो लहान. इतकी वर्षं मी त्याचा चेहराच पाहत आले, आणि चेहरा तर कधीच पुसट झालेला, नाक-डोळे काही उरलेले नाहीत. आज उलटा केला. इतर टाकांना नाही अशी वर एक कडी आहे, दोरा ओवायची. घासताना बोटाला लागलं. वरच्या बाजूला कडी झिजून केसाइतकी पातळ झाली आहे. भाऊ म्हणाला, "सोनाराकडून बदलून घेऊ का?" मी नको म्हटलं.