पिलाताचा प्रश्न आणि आमच्या सोयरिकी

रविवार, रात्री

आज पाळकसाहेबांनी योहान 18:38 घेतलं. येशू समोर उभा आहे, त्याचा न्याय करणारा रोमी सुभेदार पिलात विचारतो, 'सत्य काय आहे?' आणि उत्तराची वाटही न बघता बाहेर निघून जातो. तिथून उपदेश आजच्या जगावर आला. तुझं खरं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी, कोणी कोणाला चूक म्हणायचं नाही. 2005 साली पोप म्हणून निवडून यायच्या आदल्याच दिवशी कार्डिनल रात्सिंगर याला 'सापेक्षतावादाची हुकूमशाही' म्हणाले होते. आम्ही प्रॉटेस्टंट, तरी पाळकसाहेबांनी ते आवर्जून सांगितलं. माना डोलल्या, माझीही.

घरी येताना पुतणी म्हणाली, "काकू, खरं एकच म्हटलं की ते कोणीतरी आपल्यावर लादणारच ना?" कॉलेजची पोर, पण भीती खोटी नाही. ज्यांच्या हाती अधिकार असतो त्यांना देवाची आज्ञा कुठे संपते आणि आपली सवय कुठे सुरू होते ते पुष्कळदा दिसत नाही.

मी तिला पंडिता रमाबाईंचं सांगितलं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ज्या सिस्टरांनी आसरा दिला त्यांच्याशीच त्या त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धांतावरून पत्रांतून वाद घालत राहिल्या. शाकाहारही सोडला नाही. त्यांच्यातल्या सिस्टर जेराल्डीनना तो ताठा वाटला. पुरोहितांची सत्ता झुगारून आलेली बाई बिशपांची सत्ता मुकाट्याने कशी घेईल? पण म्हणून 'ज्याचं त्याला खरं' असं रमाबाई कधी म्हणाल्या नाहीत. तसं असतं तर बालविधवेचं केशवपन हा त्या घराचा रिवाज ठरला असता आणि विषय मिटला असता. त्या त्याला अन्याय म्हणाल्या. 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते मग पुण्याला नेलं, पुढे दुष्काळातल्या मुलींना केडगावला आणून सांभाळलं. प्रश्न विचारणं आणि सगळंच सैल सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याइतकं स्वच्छ मला कोणाकडे दिसत नाही.

अर्थात बाईंचंही सगळंच मला पटतं असं नाही. सदनात धर्म शिकवणार नाही असा शब्द होता. मग मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, पुण्यात गहजब झाला आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बाईंनी बळजबरी केली नव्हती, दार फक्त उघडं ठेवलं होतं. तरी मी इथे रानड्यांकडे झुकते. शब्द दिला की दिला.

आता आमचं. पिलाताला नावं ठेवणं सोपं आहे. आमच्या मंडळीत स्थळ बघताना 'मुलगा ख्रिस्ती, शिकलेला, निर्व्यसनी' एवढ्यावर चौकशी थांबत नाही. चहा झाल्यावर हळूच येतं, "मूळचे कोण तुम्ही?" म्हणजे ख्रिस्ती व्हायच्या आधीची जात कोणती. विचारणाऱ्यांना गलतीकरांस पत्र 3:28 तोंडपाठ असतं. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. टोकलं तर म्हणतात, "ते खरंच हो, पण समाजात राहायचंय ना." मला तर हाच अस्सल सापेक्षतावाद वाटतो, आणि तो कॉलेजात शिकलेला नाही. इस्त्रीच्या साडीत पहिल्या बाकावर बसतो, 'आमेन'ही मोठ्याने म्हणतो. पुतणीला चर्चचा संशय येतो तो असल्या चहामुळे. तिने पिलात वाचला म्हणून नव्हे.

बुधवारी महिला मंडळाच्या सभेत शास्त्रपाठ माझ्याकडे आहे. गलतीकरच घ्यावं म्हणते. सोयरिका जुळवणाऱ्या दोघी-तिघी नेमाने येतात.