पेलेट स्टोव्हची मोठी सफाई वसंतातच करावी

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर राज्यात एप्रिल संपत आला की रात्रीचे तापमान शून्याच्या वर राहू लागते, आणि हिवाळाभर घर उबदार ठेवणारा पेलेट स्टोव्ह बंद होतो तो थेट ऑक्टोबरपर्यंत. बऱ्याच घरांत त्याची मोठी सफाई पहिली थंडी पडण्याच्या सुमारास केली जाते. माझे मत याच्या उलट आहे. ही सफाई स्टोव्ह बंद केल्यावर आठवड्याभरातच उरकावी, आणि याचे कारण राखेच्या स्वभावात आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि न्यू इंग्लंडचा, म्हणजे या ईशान्य भागाचा, उन्हाळा चांगलाच दमट असतो. हिवाळ्यात फुंकरीने उडणारी राख ऑगस्टपर्यंत ओल धरून घट्ट होते, पत्र्याला चिकटून बसते आणि तिच्यातल्या क्षारयुक्त ओलाव्यामुळे आतले पोलाद व पंख्याची पाती गंजू लागतात. मे महिन्यात ब्रश फिरवताच निघणारा थर ऑक्टोबरमध्ये खरवडून काढावा लागतो.

ज्यांनी हा स्टोव्ह पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पेलेट म्हणजे लाकडाचा वाळवलेला भुसा प्रचंड दाबाखाली दाबून केलेल्या, साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या आखूड कांड्या. भुशातले लिग्निन, म्हणजे लाकडातला एक नैसर्गिक घटक, दाबाने आणि उष्णतेने मऊ होते व तेच या कांड्यांना बांधून ठेवते. अमेरिकेच्या वायव्य भागात बोइंग कंपनीत इंजिनिअर असलेले जेरी व्हिटफील्ड यांनी १९८० च्या दशकात घरगुती वापराचा पेलेट स्टोव्ह विकसित केला. तेव्हापासून यंत्रे बरीच सुधारली असली तरी मूळ कल्पना तीच आहे. वरच्या हॉपरमध्ये, म्हणजे साठ्याच्या टाकीत, पेलेट ओतायचे. ऑगर नावाचा मळसूत्री दांडा थांबून थांबून फिरतो आणि थोडे-थोडे पेलेट बर्न पॉटमध्ये, म्हणजे भोके असलेल्या लहानशा लोखंडी भांड्यात, पाडत राहतो. विजेवर तापणारा इग्नायटर त्यांना पेटवतो. एक पंखा धूर बाहेर ओढतो, आणि त्या ओढीमुळेच भांड्याच्या भोकांतून ताजी हवा आगीला मिळते. दुसरा पंखा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवतो.

लाकडाच्या ओंडक्यांच्या साध्या शेगडीत उंच धुराडे धूर आपोआप वर खेचते, इथे मात्र सगळा भार त्या एका छोट्या पंख्यावर असतो. त्यामुळे बर्न पॉटच्या भोकांपासून बाहेरच्या नळीच्या टोकापर्यंत हवेच्या वाटेत साचलेली राख थेट ज्वाळेवर परिणाम करते. माझ्या मते या स्टोव्हची सगळी देखभाल म्हणजे ही वाट मोकळी ठेवणे होय. काच पुसणे आणि बाहेरून चकचकीत ठेवणे हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका तोच भाग बहुतेक जण नेमाने करतात.

राख किती साचते याचा अंदाज आकड्यांवरून येतो. इथे पेलेट ४० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८ किलोच्या पिशव्यांतून मिळतात आणि अशा ५० पिशव्यांचा एक टन होतो. उत्तम प्रतीच्या पेलेटमध्ये राखेचे प्रमाण १ टक्क्याच्या आत असते. तरीही अर्धा ते एक टक्का धरला तर एका पिशवीमागे ९० ते १८० ग्रॅम आणि टनामागे साडेचार ते नऊ किलो राख निघते. कडाक्याच्या थंडीत दिवसाला एखादी पिशवी सहज संपते. ही राख अतिशय हलकी असल्यामुळे ती सगळी खालच्या ट्रेमध्ये पडत नाही. तिचा बराचसा भाग धुराबरोबर वर उडतो आणि जिथे वाट वळते, जिथे वेग मंदावतो, तिथे बसतो.

सफाईची गरज आहे की नाही हे ज्वाळेकडे पाहून कळते. स्वच्छ स्टोव्हची ज्वाळा आखूड, चपळ आणि पिवळसर-पांढरी असते. भोके बुजू लागली की ती उंच व आळसट होते, रंग नारिंगीकडे झुकतो, टोकाला काळपट धूर दिसतो आणि काचेवर काजळी धरते. काचेवर करडा किंवा फिकट तपकिरी थर येणे स्वाभाविक आहे. काळा थर मात्र हवा कमी पडत असल्याचे सांगतो, आणि अशा वेळी काच पुसण्याआधी बर्न पॉट पाहावा.

बर्न पॉट रोज, निदान दर पिशवीमागे एकदा, स्टोव्ह पूर्ण थंड असताना बाहेर काढून साफ करावा. त्याच्या तळाशी पुष्कळदा क्लिंकर जमतो. पेलेटमध्ये साल किंवा वाळूचे कण आले की त्यातली सिलिका आणि राखेतले पोटॅशियम एकत्र वितळतात आणि वीटभट्टीतल्या खंगरासारखा काचेरी, सच्छिद्र गोळा तयार होतो. तो वरून ठिसूळ दिसला तरी भोकांच्या कडांना घट्ट धरून असतो, म्हणून जाड पट्टीने किंवा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने बाजूने उचकटून काढावा लागतो. मग भांडे उजेडासमोर धरून प्रत्येक भोक आरपार दिसते का ते पाहावे. जे दिसत नाही त्यात भोकाच्या मापाची सळई फिरवावी. इग्नायटरसमोरचे छिद्र विशेष काळजीने मोकळे करावे, कारण ते बुजले की पेलेट पेटायला वेळ लागतो, तोवर ऑगर आणखी पेलेट टाकत राहतो, आणि पेटल्यावर एकदम भडका होतो. भांडे परत ठेवताना ते तळाशी सपाट बसले पाहिजे. खाली राखेचा खडा राहिला तर कडेने हवा पळते आणि भोकांतून हवी तेवढी येत नाही.

आठवड्यातून एकदा आतल्या बाजू, उष्णता घेणाऱ्या नळ्या आणि राखेचा ट्रे साफ करावा. बहुतेक स्टोव्हमध्ये नळ्यांवरची राख खाली पाडण्यासाठी एक दांडा बाहेर दिलेला असतो. तो पुढे-मागे ओढायला क्षणभर लागतो आणि खोलीत येणाऱ्या उष्णतेत लगेच फरक पडतो, कारण राख ही उष्णतारोधक असते. आगीच्या मागच्या भिंतीतील विटांच्या नक्षीचे फलक काही मॉडेलमध्ये व्हर्मिक्युलाइट या खनिजाचे असतात व व्हॅक्यूमच्या टोकाच्या धक्क्यानेही त्यांचा टवका उडतो, तेव्हा तिथे मऊ ब्रशच वापरावा. या फलकांच्या मागे धुराच्या वाटेवर राख साठण्याच्या पोकळ्या असतात. त्या महिन्यातून एकदा उघडाव्यात. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या स्टोव्हमध्येही या पोकळ्यांतून ओंजळभर राख निघते.

इथे सुरक्षिततेचा एक मुद्दा जोर देऊन सांगायला हवा. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर या कामाला कधीही वापरू नये. राखेखाली निखारा दडलेला असू शकतो, व्हॅक्यूमच्या हवेने तो फुलतो आणि कागदी पिशवी पेट घेते. शिवाय बारीक राख साध्या गाळणीतून पार होऊन घरभर पसरते. धातूच्या टाकीचा, बारीक गाळणीचा खास राखेचा व्हॅक्यूम घ्यावा आणि तोही थंड राखेसाठीच वापरावा. काढलेली राख घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, घरापासून निदान १० फूट दूर, जमिनीवर ठेवावी. लाकडी डेकवर किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ती कदापि ठेवू नये, कारण राखेच्या आवरणात निखारे काही दिवस जिवंत राहू शकतात. पूर्ण विझलेली राख बागेत घालता येते, पण इथल्या अंगणांत ब्लूबेरीची झुडपे असतात आणि त्यांना आम्लयुक्त माती लागते. त्यांच्या बुंध्याशी राख टाकू नये.

काचेसाठी मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय आपल्याकडचाच आहे. वीज नसलेल्या घरांत कंदिलाची काच राखेने पुसत असत, तसाच ओल्या कागदाचा बोळा बारीक राखेत बुडवून थंड काचेवर हलक्या हाताने गोल फिरवावा आणि कोरड्या कागदाने पुसून घ्यावे. राखेत खर मात्र नसावी, नाहीतर ओरखडे उठतात.

आता वर्षाची मोठी सफाई. प्रथम स्टोव्हचा प्लग काढावा. मागचे झाकण उघडून धूर ओढणारा पंखा स्क्रू काढून बाहेर घ्यावा. त्याच्या पात्यांवर करड्या राखेचा मखमली थर दिसतो. तो रंगाच्या ब्रशने झाडावा, पाती वाकवू नयेत, कारण तोल बिघडला की पंखा घरघरतो आणि बेअरिंग लवकर झिजते. पंखा ज्या घरात बसतो तिथली आणि त्यापुढच्या नळीतली राखही काढावी. परत बसवताना गॅस्केट, म्हणजे जोडातली फट बंद करणारी पट्टी, नवे घालावे. जुन्या गॅस्केटमधून धूर खोलीत झिरपू शकतो. मग बाहेरच्या बाजूला, टी आकाराच्या जोडाचे खालचे झाकण काढून ३ किंवा ४ इंची नळीत तिच्या मापाचा ब्रश शेवटपर्यंत फिरवावा. पानगळ गोळा करणाऱ्या लीफ ब्लोअरची ओढणारी बाजू नळीच्या बाहेरच्या टोकाला लावून आतली सगळी राख एकदम खेचून घेण्याची पद्धत इथे बरीच रूढ आहे आणि ती परिणामकारकही आहे, मात्र त्याआधी आत एकही निखारा नसल्याची खात्री हवी आणि नाकातोंडाला मास्क हवा. नळीच्या टोकाची जाळी आणि ताजी हवा आत घेणारी जाळीही तपासावी. गांधीलमाश्यांना घरटे करायला अशा जागा फार आवडतात.

दाब मोजणाऱ्या स्विचला जाणारी रबरी नळी इतकी बारीक असते की तिच्याकडे लक्षच जात नाही. आतला दाब पुरेसा कमी नसेल तर हा स्विच ऑगर थांबवतो, ही त्याची सुरक्षिततेची कामगिरी. नळीत राख अडकली तरीही तो तेच करतो, आणि चांगला स्टोव्ह बिघडल्यासारखा वागू लागतो. नळी स्विचकडून सोडवून घ्यावी आणि मगच तिच्यात फुंकर मारावी. स्विचमध्ये फुंकल्यास त्याचा पडदा फाटू शकतो. दाराच्या दोरीसारख्या गॅस्केटची परीक्षा नोटेने होते: नोट दारात धरून दार बंद करावे आणि ओढावी. ती अलगद निसटली तर त्या जागी दोरी दबून चपटी झाली आहे.

अमेरिकेत मे २०२० पासून नवीन पेलेट स्टोव्हला तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त सूक्ष्म कण हवेत सोडण्याची परवानगी नाही. हा आकडा चाचणीच्या खोलीतल्या स्वच्छ स्टोव्हचा आहे. राखेने भरलेला तोच स्टोव्ह जास्त पेलेट खातो, कमी उष्णता देतो आणि शेजाऱ्यांच्या अंगणात धूर सोडतो, म्हणून ही देखभाल केवळ घरखर्चाची बाब आहे असे मला वाटत नाही.

स्टोव्ह कितीही स्वच्छ असला तरी वीज गेली की पंखा थांबतो आणि उरलेला धूर घरात येऊ शकतो. डिसेंबर २००८ मध्ये गोठणाऱ्या पावसाच्या वादळाने न्यू इंग्लंडमधल्या लाखो घरांची वीज गेली होती आणि काही भागांत ती बरेच दिवस आली नाही. पंखा चालवण्यापुरती बॅटरीची सोय आणि चालू अवस्थेतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म या दोन गोष्टी घरात असायलाच हव्यात. भिंतीतून बाहेर येणारी नळी जमिनीलगत असेल तर प्रत्येक हिमवर्षावानंतर तिच्यासमोरचा बर्फ काढावा.

शेवटी हॉपर रिकामा करावा. उरलेले पेलेट उन्हाळ्यात ओलावा धरून फुगले तर ऑगर जाम होतो. तळाशी जमलेला भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्यावा आणि ऑगर थोडा वेळ मोकळा फिरवून आतले पेलेट बाहेर पडू द्यावेत. न वापरलेल्या पिशव्या तळघराच्या सिमेंटवर थेट न ठेवता लाकडी फळ्यांवर रचाव्यात आणि ऑक्टोबरमध्ये नवा माल आला तरी आधी त्याच संपवाव्यात.