वेताची काठी आणि माझी छत्री

"काठी खाली ठेव. बॅगेत काय आहे ते काढ."

फिलिपिन्समधल्या दावाओत आमच्या आर्निसच्या, म्हणजे काठीच्या मार्शल आर्टच्या, क्लासात आज गुरो (आमचे शिक्षक) असं म्हणाले आणि माझी फजितीच झाली. निघालं काय, तर फोल्डिंगची छत्री, पाण्याची बाटली आणि ॲनाटॉमीच्या नोट्स!

तीन महिने दोन वेताच्या काठ्यांनी सिनावाली, म्हणजे दोन्ही काठ्या विणल्यासारख्या फिरवणं, घोटतेय. आता उजव्या हातात छत्री, डाव्यात बाटली. हात आपोआप फिरले. मग तेही काढून घेतलं. हात रिकामे, फटक्याचा कोन तोच.

२००९ पासून आर्निस हा फिलिपिन्सचा राष्ट्रीय खेळ. स्पर्धेत हेल्मेट, पॅड, गुण. गुरोंना त्याचं फारसं कौतुक नाही. "रस्त्यावर पंच नसतो. समोरच्याच्या हातावर मार आणि पळ."

एवढं शिकून पळायचंच? होस्टेलवर येईपर्यंत तेच डोक्यात. छत्रीची काडी वाकलीय ती वेगळीच.