किंमत कुणी विचारली होती?

दसऱ्याला हार घालायच्या आधी माझी पांढरी मारुती 800 पुसली, तर ओल्या फडक्यावर पांढरी भुकटी. आमच्या रत्नागिरीची धूळ लाल, जांभ्याची. म्हणजे हा रंगच सुटतोय. बॉनेट आणि टप उन्हाने निस्तेज झालेत, दारांच्या खालच्या कडेला गंज फुगून आलाय.

काल गॅरेजात दाखवली. पेंटरने दाराच्या कडेला नख लावलं, खपली उडवली आणि म्हणाला, "काका, विकून येतील त्यापेक्षा रंगाला जास्त जातील. कशाला करताय?" वाईट हेतूने नाही म्हणाला. पण ते वाक्य रात्री झोपू देईना. मी किंमत कुठे विचारली होती?

तेव्हापासून मनाने घेतलंय की आपणच रंगवायची. अंगणात मांडव घालता येईल, रंग फवारायला कॉम्प्रेसर भाड्याने मिळेल. साधा पांढरा रंग, मेटॅलिकला लागतो तसा वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर लागत नाही. रंग तोच ठेवला तर आरसी बुकातही काही बदलायला नको. घासकाम काय, वॉटर पेपर घेऊन बसायचं, जाड आधी, मग चारशे नंबरचा, मग आठशे. हाताला काम हवंच आहे. निवृत्तीनंतर... जाऊ दे ते.

दादाला फोन केला, तर तोही म्हणाला, भंगारात घाल. अण्णा त्याच गाडीतून त्याला... असो. सगळ्यांना तिची किंमत पाठ आहे. पहिल्या सेल्फला सुरू होते, हे कुणी विचारत नाही. पंधरा वर्षं झाली म्हणून पाच हजार फी भरून पासिंग केलं, तेव्हाही कुणी विचारलं नाही. मारुती 800 बनायची 2014 सालीच थांबली, पण माझी चालते आहे ना?

दुपारी सामानाची यादी करायला बसलो. आत्ताची दमट हवा. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साठलं की ते थेट रंगात उतरणार. अंगण कितीही शिंपडलं तरी ओल्या रंगावर माती आणि किडे बसणार. हे सगळं मी सोसलं असतं. पण टूके, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या रंगात, तो कडक व्हावा म्हणून जो हार्डनर घालतात त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. फवाऱ्यातून ते छातीत जातं, धडधाकट माणसालाही त्याने दमा लागू शकतो, आणि कापडी मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. शुभाची खिडकी अंगणातच उघडते. दम्याचा पंप तिच्या उशाशी असतो. सकाळी ती म्हणालीही होती, "करा, मी राहीन आठ दिवस माहेरी." त्या 'करा'वर मी काहीच बोललो नाही.

यादी बाजूला ठेवली. नाही रंगवत घरी.

संध्याकाळी बॉनेटच्या एका कोपऱ्यावर रबिंग कंपाउंड, ती रंग घासून उजळायची पेस्ट, घासून पाहिलं. वरचा मेलेला थर निघाला आणि खालून चांगला पांढरा वर आला, बोट फिरवलं तर गुळगुळीत. रंग अजून जाड आहे. म्हणजे टप आणि बॉनेटला फवाऱ्याची गरजच नव्हती. दंडात जोर लागेल, तेवढा आहे.

दारांचं दुखणं निराळं आहे. खालची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली होती. तार घातली तर आतून तांबूस पाणी आलं. पत्रा आतून खाल्लेला असताना वरून कितीही रंग दिला तरी पुढच्या पावसात पुन्हा फुगणारच. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणं, प्रायमर, रंग, हे त्या पेंटरनेच करायचं काम आहे, आणि हात चांगला आहे त्याचा, हे मला माहीत आहे. तो म्हणेल, जुन्या-नव्या पांढऱ्यात फरक दिसेल. दिसू दे.

सोमवारी जातो. एवढंच सांगायचं ठरवलंय, की दारं खालून वीतभर करायची आहेत आणि गाडी विकायची नाही. आवाज न चढवता म्हणायला जमलं पाहिजे. आत्ता लिहितानाही तो चढतोच आहे.