मॅन्युअलमधला "डेटा" आणि "मेमरी": माझा अनुभव

बॅकअप ॲपचं मराठी मॅन्युअल नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं, जुना मसुदा तसा शुद्ध होता पण लोकांना कळत नव्हता, म्हणून लिहायच्या आधी मी ॲप वापरणाऱ्या काही जणांच्या शेजारी बसून त्यांच्याकडून तो वाचून घेतला. "बॅकअपआधी डेटा तपासा" या ओळीवर एका काकूंनी लगेच नेट पॅक किती उरलाय ते बघितलं. आणि त्यांचं बरोबरच होतं, आता डेटा संपला म्हणजे नेट संपलं! तिथे सरळ "फोटो आणि फाइल्स" लिहिलं.

"मेमरी"चं त्याहून अवघड. कॉम्प्युटरवाल्यांसाठी मेमरी म्हणजे रॅम, चालू ॲप तात्पुरती जिथे राहतात ती जागा, पण फोन हातात आल्यापासून मेमरी फुल म्हणजे स्टोरेज भरलं. मसुद्यात होतं "मेमरी कमी पडल्यास जागा मोकळी करा", म्हणजे लेखकाच्या मनात बाकीची ॲप बंद करणं आणि वाचणारा निघाला फोटो डिलीट करायला, तेही बॅकअप घ्यायच्या आधी! मग लिहिलं, "फोन स्लो झाला तर बाकीची ॲप बंद करा, फोटो काढून टाकू नका." वाक्य लांबलं, लांबू दे.

जीबीचं तर स्टँडर्डवाल्यांनाही जमलेलं नाही. १ जीबी म्हणजे १००० एमबी की १०२४, हा घोळ मिटवायला १९९८ मध्ये १०२४ च्या हिशोबासाठी गिबीबाइट हा वेगळा शब्द ठरला, पण बोलताना तो कोण वापरतं? १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, कारण विंडोज १०२४ ने भागतं आणि डिस्कवाले १००० ने. एवढं एका ओळीत सांगितलं, नवा शब्द लादला नाही.

सगळ्यात जास्त वेळ "करावे"ने खाल्ला. इंटरनेट स्टँडर्डमध्ये मस्ट (सक्ती) आणि शुड (सल्ला) या इंग्रजी शब्दांचे अर्थ १९९७ च्या आरएफसी २११९ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांक दिलेले तांत्रिक दस्तऐवज) बांधून दिलेत, आणि २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने सांगितलं की तो खास अर्थ फक्त कॅपिटलमध्ये लिहिल्यावरच. आपल्याकडे कॅपिटल कुठून आणणार, आणि "ॲप बंद करावे" हे कुणाला हुकूम वाटतं, कुणाला नुसता सल्ला. शेवटी "च"च कामाला आला: सक्ती असेल तिथे "बंद करायलाच हवं", सल्ला असेल तिथे "केलं तर बरं". डेव्हलपरसाठीच्या भागात मात्र "डेटा" आणि "मेमरी" तसेच ठेवले, तिथे त्यांचे अर्थ अजून हललेले नाहीत.