जुन्या टी-थ्रीला नवं डिझेल इंजिन: माझा अनुभव

आमची कॅम्पर व्हॅन म्हणजे १९८७ सालची फोक्सवॅगन टी-थ्री. इंजिन मागे, रेडिएटर पुढे. मूळचं इंजिन १.६ लिटरचं टर्बोडिझेल, ७० एचपीचं. इथे जर्मनीत सगळे त्याला कोडवरून ‘जेएक्स’ म्हणतात. स्टुटगार्टहून उल्मकडे जाताना ए-८ महामार्गावर आल्ब डोंगररांगेचा चढ लागतो. आत शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी आणि आम्ही चौघं, त्यामुळे तिथे ट्रकच्या रांगेतूनच जायचं हे ठरलेलं. त्याबद्दल तक्रार कधीच नव्हती. पण कूलंट कमी व्हायला लागलं, थंड इंजिन सुरू केलं की काही क्षणांत कूलंटचे होज टणक होऊ लागले (म्हणजे सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय), आणि मग हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं.

दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत तडे होते. या इंजिनांत अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा तडा चालतो. आमचे त्याच्या बरेच पुढे गेलेले होते. सिलिंडरही झिजलेले. आता हेच इंजिन बांधून घ्यायचं की दुसरं बसवायचं?

समोर तीन पर्याय होते. जेएक्स नव्याने बांधणं, म्हणजे कागदपत्रांची काही कटकट नाही. दुसरा, ‘एएझेड’: गोल्फ, व्हेंटो, पसाटमधलं १.९ लिटरचं टर्बोडिझेल, ७५ एचपी. तिसरा, १.९ टीडीआय, म्हणजे थेट इंजेक्शनचं टर्बोडिझेल, ९० एचपी. ज्याला विचारावं तो टीडीआयच सांगत होता, आणि आकडे पाहिले तर मोह होणारच. जेएक्सचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १३८ न्यूटन मीटर, एएझेडचा १५०, टीडीआयचा २०२.

पुण्याला मामांना फोन केला. त्यांची अर्धी हयात टेम्पो मॅटाडोरच्या गॅरेजात गेली. त्यांनी एचपी विचारलाच नाही. म्हणाले, “अरे, ताकद कमी पडली तर खालचा गिअर टाकशील. गरम झाली तर घाटात उभाच राहशील ना? रेडिएटरचं काय ते आधी बघ. आणि गिअरबॉक्स किती टॉर्क झेलतो?”

त्या दुसऱ्या प्रश्नाने टीडीआयचा विषय जवळजवळ संपवला. टी-थ्रीमध्ये कंपनीने दिलेलं सगळ्यात दमदार इंजिन २.१ लिटरचं पेट्रोल होतं, ११२ एचपीचं, पण त्याचाही टॉर्क १७४. मग २०२ चा भार आमच्या जुन्या डिझेल गिअरबॉक्सवर, तोही भरलेल्या गाडीचा, कशाला टाकायचा? शिवाय टीडीआयला इंजिन कंट्रोल युनिट, वायरिंगचा संच, पेडलचा सेन्सर, इंटरकूलरला जागा, असं सगळं लागतं. लोक हे करतात आणि उत्तम करतात. पण मला नॉर्वेच्या एखाद्या गावातल्या गॅरेजातही दुरुस्त होईल असं इंजिन हवं होतं. म्हणून एएझेड ठरलं. त्याचा डिझेल पंप यांत्रिक आहे. चालू राहायला त्याच्या सोलेनॉइडला, म्हणजे डिझेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेला, बारा व्होल्ट मिळाले की पुरे.

तरी ते गोल्फमधून उचललं आणि टी-थ्रीत ठेवलं, असं होत नाही. टी-थ्रीत डिझेल इंजिन तब्बल ५० अंश डावीकडे कललेलं असतं, म्हणजे मागच्या गादीखाली ते मावतं. गोल्फचा ऑइल चेंबर तसाच ठेवला तर ऑइल एका बाजूला साचेल आणि पिकअप, म्हणजे ऑइल ओढणारी नळी, हवा ओढेल. म्हणून जेएक्सचा चेंबर, पिकअप, माउंटिंगचे ब्रॅकेट हे सगळं जपून काढून नव्या इंजिनावर चढवावं लागतं. जुनं इंजिन भंगारात देऊ नका, हे मी ज्याला-त्याला कळकळीने सांगतो.

कागदपत्रांचं काम मी इंजिन घेण्याआधी केलं, आणि सगळ्यांनी याच क्रमाने करावं असं माझं ठाम मत आहे. गाडी तीस वर्षांहून जुनी असल्यामुळे तिला एच-प्लेट, म्हणजे जर्मनीत ऐतिहासिक गाड्यांना मिळणारी नंबर प्लेट, आहे. त्याच प्लेटमुळे कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांचं ग्रीन स्टिकर नसतानाही शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत जाता येतं, म्हणजे ती गेली तर आमच्या दारातही गाडी आणता येणार नाही. बदल त्या काळाला धरून आहे का, हे तपासणी अभियंता ठरवतो. त्याच कंपनीचं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं इंजिन, ताकद जेमतेम पाच एचपीने जास्त, त्यामुळे ब्रेकचा प्रश्न नाही. त्याने होकार दिला आणि मगच मी शोधायला लागलो.

वापरलेलं इंजिन घेताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, समोर मोजून घेतलं: २६ बारच्या खाली नको आणि सिलिंडरांत पाचहून जास्त फरक नको. हेड तरीही काढलं. हेडखालचं गॅस्केट तीन जाडीचं मिळतं. पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते डायल गेजने मोजून त्यातलं निवडायचं. हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतात, ते नवेच. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप हेही इंजिन बाहेर असतानाच बदलले.

मामांचा पहिला प्रश्न मात्र सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला. रेडिएटर नवा घेतला, मागून पुढे जाणारे लांब पाइप बदलले. कूलंट भरताना गाडीचं नाक उंच करून रेडिएटरच्या स्क्रूतून हवा काढायची. घाई केली तर हवा अडकते आणि नवं हेडसुद्धा जातं. टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटरही लावलं.

आता आल्बचा चढ ट्रकच्या मागूनच चढतो, फक्त एक गिअर वरचा असतो आणि तापमानाचा काटा मधोमध राहतो. गिअरबॉक्स तोच आहे. सपाट रस्त्यावर टॉप गिअर थोडा आखूड वाटतो, म्हणजे इंजिन जास्त फिरतं. तो लांब करता येतो, पण त्यासाठी बॉक्स उघडावा लागतो. ते काम बॉक्स स्वतःहून कुरकुरायला लागेल तेव्हा.