आमची वाटचाल : अमळनेरचा दहा बाय बाराचा गाळा

2004 ला मी आणि अण्णांनी म्युच्युअल फंडाचं काम सुरू केलं, अण्णा रिटायर मास्तर, मी नुसता बी.कॉम. तेव्हा सगळा कारभार कागदावर. फॉर्म भरा, डोक्यावर एआरएनचा, म्हणजे आमच्या वितरक नोंदणी नंबरचा, शिक्का मारा, चेक टाचणीने टोचा आणि गाडी पकडून जळगाव गाठा, तीनच्या आत टाइम स्टॅम्प पडला तर आजची एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, नाहीतर उद्याची. तो लाकडी मुठीचा शिक्का अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

2008 ला सेन्सेक्स एकवीस हजारावरून ऑक्टोबरात आठ हजाराच्या खाली आला. लोक गाळ्यात येऊन भांडायचे. त्यातून सावरतोय तोच 1 ऑगस्ट 2009 ला सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियंत्रकाने, एन्ट्री लोड, म्हणजे पैसे गुंतवतानाच होणारी कपात, बंद केला, दहा हजारामागे सव्वादोनशे कापले जायचे त्यातून आमचं घर चालायचं, ते एका दिवसात शून्य. ग्राहकाच्या भल्याचं होतं हे मान्य, पण आमचं काय हे कोणी विचारलं नाही, हे आजही टोचतं. आठ महिने गाळ्याचं भाडं अण्णांनी पेन्शनमधून भरलं. आणि त्याच वेळी समोर एकाने एसी ऑफिस थाटलं, दीडपट-दुप्पटच्या बाता, आमचे चाळीसेक ग्राहक पळवले आणि दोन वर्षांत शटर पाडून गायब!! लोकांचे पैसे बुडाले, वर नाव आमच्या धंद्याचं खराब झालं.

पारोळ्याकडचे आप्पा मात्र हलले नाहीत. कापसाचे पैसे आले की खताच्या पिशवीत गुंडाळलेलं चेकबुक घेऊन यायचे, म्हणायचे, "भाऊ, तू सांगशी तसं करसू." पोरीचं नर्सिंग त्यातूनच झालं.

आता पोरं विचारतात फायनान्शियल प्लॅनिंगची डिग्री करू का. माझ्या भाच्याला पुण्यात हॉस्टेल-मेस धरून तीन वर्षांचे सात लाख सांगितले. अरे, बी.कॉम इथेच कर, एनआयएसएमची (सेबीच्या संस्थेची) म्युच्युअल फंडवाली परीक्षा 1500 रुपयांत होते, शंभर प्रश्न, पन्नास टक्क्याला पास. सीएफपी, म्हणजे फायनान्शियल प्लॅनरचं सर्टिफिकेट, जरूर कर, पण चार ग्राहक सांभाळल्यावर. आणि हिशोब आधीच ऐक, महिना हजाराच्या एसआयपीवर ट्रेल, म्हणजे जमलेल्या रकमेवर वर्षाला मिळणारं कमिशन, 0.8 टक्के धरला तर पहिल्या वर्षी पन्नासेक रुपये सुटतात, सगळ्या ग्राहकांचे मिळून एक कोटी जमले तरी महिन्याला साडेसहा हजार. पहिली पाच वर्षं घरच्यांचा आधार लागतोच, मला अण्णांचा होता.

भाचा जूनपासून गाळ्यावर बसतो. सध्या त्याला केवायसीचे फॉर्म तपासायला दिलेत, सही जुळते का ते बघायला.